आधी डबे, मग यादी

पगाराच्या आठवड्यात संध्याकाळी इंदिरानगरातून फेरी मारली तर वडाळा-पाथर्डी रस्त्यावर एक दृश्य पुन्हा पुन्हा दिसतं. स्कूटरच्या पायाशी पिठाची दहा किलोची पिशवी, हँडलला दोन्ही बाजूंनी लटकलेल्या गच्च पिशव्या आणि मागे बसलेल्या पोराच्या मांडीवर तेलाचा कॅन. नाशिकच्या या भागात अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, शहरातल्या कचेऱ्यांत आणि बँकांत काम करणारी माणसं राहतात. महिन्याचा किराणा भरणं ही इथे अजूनही एक मोहीमच असते. रथचक्र चौकाकडचे किराणावाले, गाडी ढकलत फिरायची मोठी दुकानं, सोसायटीच्या फाटकाशी थांबणारी भाजीची हातगाडी आणि मोबाइलवर बोट लावताच दारात येणारा डिलिव्हरीवाला, सगळं हाकेच्या अंतरावर आहे.

तरी घरी आल्यावर पिशव्या रिकाम्या करताना व्हायचा तो संवाद होतोच. तूरडाळ तर डब्यात होती, पुन्हा दोन किलो कशाला आणली? पोहे सांगितले होते ते राहिलेच. आणि क्रीमच्या बिस्किटांचा हा एवढा मोठा पुडा कुणी टाकला? ‘एकावर एक फुकट होता,’ असं उत्तर येतं, आणि पुडा फळीवर जातो. आठवड्याभरात तो संपतो. कारण घरात आलेला पदार्थ कधी ना कधी तोंडात जातोच. महिनाभर घरातली माणसं काय खाणार, हे बरंचसं त्या संध्याकाळी ठरून गेलेलं असतं.

म्हणून ज्यांना घरातलं खाणं सुधारायचं आहे, त्यांनी नव्या पाककृती शोधण्याआधी किराण्याच्या यादीकडे पाहायला हवं. पन्नाशीच्या पुढच्या बहुतेक मराठी माणसांनी ही यादी लहानपणी स्वतःच्या हातानं लिहिलेली असते. आई एकेक डबा उघडून सांगायची आणि मूल वहीच्या पाठकोऱ्या पानावर उतरवून घ्यायचं: हरभराडाळ एक किलो, गूळ अर्धा किलो, मोहरी पावशेर. किलोची मापं येऊन वर्षं लोटली, तरी पावशेर हा शब्द जिभेवरून गेला नाही. गावाकडे तर पायली, अधोली, मापटं, चिपटं अजून बोलण्यात आहेत. ही यादी वाण्याच्या हातात द्यायची आणि तासाभरानं सामान आणायला जायचं. दुकानात काय काय आहे ते गिऱ्हाईक पाहायचं, पण हात लावायचं नाही. मधे फळकूट आडवं असायचं.

ते फळकूट पहिल्यांदा निघालं अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात, १९१६ साली. क्लॅरेन्स साँडर्स नावाच्या दुकानदारानं ‘पिगली विगली’ हे दुकान उघडलं आणि गिऱ्हाइकाच्या हातात टोपली देऊन सांगितलं, हवं ते स्वतःच उचला. नोकरांचा खर्च वाचला आणि भाव उतरले. शिवाय यादीत नसलेल्या वस्तूही टोपलीत पडू लागल्या. या मांडणीचं पेटंटच साँडर्सनं पुढच्या वर्षी मिळवलं. महाराष्ट्रात मुंबईच्या कामगारवस्तीत, नायगावला, १९४८ साली ‘अपना बाजार’ ही ग्राहकांची सहकारी चळवळ सुरू झाली. २००२ साली पवईत ‘डी-मार्ट’चं पहिलं दुकान निघालं, आणि पुढच्या काही वर्षांत नाशिकसारख्या शहरांतही ढकलगाडी घेऊन फिरणं नेहमीचं झालं. या दुकानांनी मध्यमवर्गाचे पैसे वाचवले, हे खरंच आहे. पण वाण्याचं फळकूट आणि हातातला कागद मिळून जी राखण करत होते, ती मात्र गेली.

गल्ल्यापाशी रांगेत उभं राहिल्यावर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला चॉकलेटं का असतात, याचा विचार काही देशांनी कायद्यानं केला आहे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना साखर, मीठ आणि चरबी जास्त असलेले पदार्थ दाराशी, फळ्यांच्या टोकाला किंवा पैसे भरण्याच्या जागी मांडायला मनाई आहे. आपल्याकडे असा नियम नाही. इथे ती राखण गिऱ्हाइकालाच करावी लागते आणि त्यासाठी त्याच्याकडे एक कागद असतो. तो कागद नीट कसा लिहायचा, हाच खरा प्रश्न.

त्याचं उत्तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेकडे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या या संस्थेनं मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. देशातल्या एकूण आजारांच्या ओझ्यापैकी ५६.४ टक्के ओझं चुकीच्या आहाराशी जोडलेलं आहे, असा अंदाज त्यात दिला आहे. दिवसाला सुमारे २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाच्या ताटात काय असावं, हेही वजनासकट सांगितलं आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम (त्यात अंडी, मासे किंवा मटणही धरता येतं), भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, दाणे-तीळ-सुकामेवा ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम. ही सगळी वजनं न शिजवलेल्या पदार्थांची आहेत.

ग्रॅममधले हे आकडे ऐकून कुणी रोज तराजू घेऊन बसणार नाही. पण चौघांच्या घरासाठी, तीस दिवसांसाठी हाच हिशेब मांडला की त्यातून थेट वाण्याची यादी निघते.

तेलापासून सुरुवात करू. २७ ग्रॅम, चार माणसं, तीस दिवस. म्हणजे ३ किलो २४० ग्रॅम. साडेतीन लिटर. यात तूप, लोणी आणि फोडणी सगळं आलं. पाच लिटरचा कॅन महिन्याला संपत असेल, तर दीड लिटर जास्त पोटात जातंय, आणि बाहेरचा वडापाव-मिसळ त्यात धरलेलीच नाही. कॅन आणलाच, तर त्यावर तारीख लिहून ठेवावी. तो किमान चाळीस दिवस पुरला पाहिजे. एवढी एक खूण घरातल्या सगळ्यांना समजते.

मिठाची शिफारस दिवसाला माणशी पाच ग्रॅमची. चौघांचे महिन्याला सहाशे ग्रॅम होतात. म्हणजे एक किलोचं पाकीट पन्नास दिवस चालायला हवं. ज्या घरात लोणचं, पापड आणि फरसाण रोज ताटात असतं, तिथे पाकीट त्याहून जास्त दिवस पुरायला हवं, कारण बरंचसं मीठ त्या पदार्थांतूनच गेलेलं असतं. साखरेबाबत जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की रोजच्या उष्मांकांपैकी दहा टक्क्यांहून कमी वरच्या साखरेतून यावेत, आणि पाच टक्क्यांपर्यंत आणता आले तर उत्तम. पाच टक्के म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. चौघांचे महिन्याला तीन किलो. पण हे तीन किलो चहातल्या साखरेचे, शिऱ्यातल्या साखरेचे आणि बिस्किटं, जॅम, सरबतं, शीतपेयं यांतल्या साखरेचे मिळून आहेत. गुळालाही यातून सूट नाही.

खरी गंमत डाळींच्या हिशेबात आहे. ८५ ग्रॅमनं चौघांच्या महिन्याला दहा किलो डाळी आणि कडधान्यं येतात. मांसाहारी घरात त्याहून कमी चालतील. किती घरांच्या यादीत दहा किलो असतात? तूरडाळ दोन किलो, मूग अर्धा, चणे पाव, इथेच बऱ्याच याद्या थांबतात. धान्य मात्र भरपूर असतं. याद्या पाहिल्या की मराठी ताटातली उणीव समोर दिसते: पोळी-भाताचा ढीग मोठा आणि वरण पातळ. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनं भारतात दहा कोटींवर लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला. अशा देशात ही उणीव भरून काढायचा सर्वांत स्वस्त उपाय किराणा दुकानातल्या मटकी, मूग, चवळी, वाल आणि हुलग्यांच्या पोत्यात आहे. महिन्याच्या यादीत दोन कडधान्यं वाढवली आणि तेलाची एक पिशवी कमी केली, तर बिल फारसं हलत नाही. ताट मात्र बदलतं.

दाण्यांच्या बाबतीत नाशिककर नशीबवान आहेत. ३५ ग्रॅमसाठी महागडे बदामच हवेत असं नाही. शेंगदाणे, तीळ, जवस आणि कारळे यांच्या चटण्यांची सवय असलेल्या घराला हा भाग आधीपासूनच जमतो.

नाशिकमध्ये राहणाऱ्याला आणखी एक गोष्ट इतर शहरांपेक्षा सोपी आहे. जिल्ह्यात पिकणारा माल इतका आहे की यादीतल्या निम्म्या वस्तूंचं गाव ठाऊक असतं. तांदूळ घोटी-इगतपुरीकडचा. नागली (म्हणजे नाचणी) आणि वरई सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या डोंगराळ भागातली. उपवासाच्या भगरीच्या गिरण्यांसाठी तर नाशिक नावाजलेलं आहे. कांदा लासलगावचा, टोमॅटो पिंपळगाव बसवंतचा, द्राक्षं निफाड-दिंडोरीची. नागलीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३४० ते ३६५ मिलिग्रॅम कॅल्शिअम असतं. पॉलिश केलेल्या तांदळात ते दहाच्या आसपास. डोंगरातल्या बाया पिढ्यान् पिढ्या बाळंतिणीला आणि लहान मुलाला नागली का देत आल्या, याचं कारण या आकड्यांत सापडतं. तीस किलो धान्याच्या यादीत चार-पाच किलो नागली, ज्वारी किंवा बाजरी घातली तरी सुरुवात म्हणून पुष्कळ झालं.

कांद्याचं गणित नाशिकबाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. इंदिरानगरातल्या नव्या पिढीलाही ते पुन्हा सांगायला हवं. खरिपाचा लाल कांदा पाणीदार असतो, तो टिकत नाही. आठवड्यापुरताच घ्यावा. रब्बीचा, म्हणजे उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलपासून बाजारात येतो आणि हवा खेळती ठेवली तर चार-सहा महिने राहतो. शेतकरी चाळीत ठेवतात तो हाच. एप्रिल-मेमध्ये बाल्कनीत जाळीच्या पिशवीत टांगून ठेवलेला उन्हाळ कांदा पावसाळ्यात भाव चढतात तेव्हा उपयोगी पडतो. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरून त्यात कडुलिंबाचा पाला घालणाऱ्या आजीचं शहाणपण हेच होतं: माल मुबलक आणि चांगला असेल तेव्हा घ्यायचा. छोट्या फ्लॅटमध्ये वर्षाच्या बेगमीला जागा नाही. पण कांदा, लसूण, चिंच, हळद आणि गहू एवढ्यांपुरती ती अजून जमते.

भाजी मात्र महिन्याच्या यादीत बसत नाही. माणशी ४०० ग्रॅमनं चौघांना आठवड्याला अकरा किलो भाजी लागते. आकडा ऐकून दचकायला होतं, आणि एका खेपेत एवढी भाजी आणली तर शुक्रवारपर्यंत मेथी पिवळी पडते. उपाय जुनाच आहे. आठवड्यातून दोन खेपा कराव्यात. गोदाकाठी गंगाघाटावर बुधवारचा बाजार भरतो; इंदिरानगरातून तिकडे जाणं सगळ्यांना जमेल असं नाही, पण बुधवार आणि रविवार असे दोन वार ठरवून जवळच्या भाजीवाल्याकडे जाणं जमतं. पहिल्या दोन दिवसांत पालेभाज्या संपवायच्या, मग वांगी-गिलकी-दोडकी, आणि शेवटी दुधी, भोपळा, कोबी, गाजर अशा टिकाऊ भाज्या. ज्या भाजीची बाजारात रास लागलेली असते ती त्या आठवड्यात घ्यावी. ती ताजीही असते आणि स्वस्तही.

शेतकऱ्याकडून थेट घेण्याची सोयही वाढते आहे. राज्य सरकारनं २०१६ साली फळं-भाज्या बाजार समित्यांच्या बंधनातून मोकळ्या केल्या आणि त्याच सुमाराला शहरांत शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकऱ्यांची कंपनी द्राक्षं परदेशी पाठवते. शहरातल्या ग्राहकाला माल विकायची दुकानंही तिनं काढली.

पाकीटबंद मालाशी मात्र डोळे उघडे ठेवूनच व्यवहार करावा लागतो. पोषण संस्थेच्या सतरा तत्त्वांपैकी शेवटचं तत्त्व अन्नाच्या पाकिटावरचा मजकूर वाचा हेच सांगतं. समोरची बाजू जाहिरातीची असते; कामाची बाजू मागची. तिथे घटकांची यादी असते आणि नियमाप्रमाणे ती वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावी लागते. जो घटक सर्वांत जास्त, तो पहिला. नाचणीच्या बिस्किटावर पहिलं नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’ असेल तर ते मैद्याचं बिस्किट आहे. ज्या घटकाचं नाव पाकिटावर ठळकपणे मिरवलं असेल, तो किती टक्के आहे तेही छापावं लागतं. ते शोधावं. साखर एकाच नावानं येत नाही: ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन ही तिचीच भावंडं. वेगवेगळ्या नावांनी विभागली गेली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं.

मिठाचा आकडा सोडियमच्या मिलिग्रॅममध्ये दिलेला असतो. त्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं. दिवसभराचं पाच ग्रॅम मीठ म्हणजे दोन हजार मिलिग्रॅम सोडियम. झटपट नूडल्सच्या किंवा सूपच्या पाकिटावरचा आकडा या दोन हजारांशी ताडून पाहावा. पाहताना तो १०० ग्रॅमचा आहे की एका वाढणीचा, हे आधी बघावं. अख्खं पाकीट एकटा माणूस संपवतो आणि त्यावर दोन वाढण्या छापलेल्या असतात. कोलासारख्या पेयात १०० मिलिलिटरला साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर असते. मोठ्या ग्लासभर पेयातच दिवसाची २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते.

पाकिटावरच्या शब्दांना आता सरकारही हरकत घेऊ लागलं आहे. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन विक्रेत्यांना माल्टयुक्त पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितली. त्याच वर्षी जूनमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा हटवायचा आदेश दिला. चिली देशानं २०१६ पासून साखर, मीठ किंवा चरबी जास्त असलेल्या पाकिटाच्या दर्शनी बाजूला काळी अष्टकोनी खूण सक्तीची केली आहे. वाचता न येणाऱ्या मुलालाही ती कळते. भारतातही अशी ठसठशीत खूण यायला हवी, आणि लवकर यायला हवी. ती येईपर्यंत पाकीट उलटं करणं हाच मार्ग.

उलटं केलेल्या पाकिटावर आणखी एक उपयोगी आकडा सापडतो: एका ग्रॅमची किंवा एका मिलिलिटरची किंमत. पाकिटांचे ठरावीक आकार आता सक्तीचे राहिलेले नाहीत. लिटरभर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, पण शेजारची तशीच दिसणारी पिशवी ८०० किंवा ८५० ग्रॅमची असू शकते. दोन पिशव्यांवरचे मोठे आकडे ताडण्यापेक्षा हा छोटा आकडा ताडला की स्वस्त कोणती ते लगेच कळतं. माल फसवा निघाला, वजन कमी भरलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यासाठी बिल जपून ठेवायला हवं.

एकट्या माणसाला हे सगळं जड वाटतं, आणि इथेच महाराष्ट्राकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. १९७२ च्या दुष्काळात तेल, रॉकेल, धान्य मिळेनासं झालं तेव्हा मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या बायका लाटणी आणि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. स्वयंपाकघरातला प्रश्न चौकात आला. त्याच काळात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची कल्पना मांडली, आणि १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. गायक-संगीतकार सुधीर फडके या कामात होते. पंचायतीची पद्धत साधी आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांनी एक संघ करायचा. प्रत्येक घरानं महिन्याची मागणी छापील यादीवर भरून द्यायची. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून पंचायत माल घाऊक घेते, पारखते आणि संघाकडे पोचवते. एका सदस्याच्या घरी माल उतरतो आणि सगळे मिळून वाटून घेतात. दुकान नाही, जाहिरात नाही, एकावर एक फुकट नाही. तीस हजारांहून अधिक कुटुंबं या वितरणात आहेत आणि पन्नास वर्षं ते चालू आहे.

या पद्धतीत पैसे वाचतात हे उघड आहे. त्याहून मोठा फायदा असा की यादी आठवडाभर आधी, घरात बसून, डबे पाहून भरावी लागते. भूक लागलेली असताना, मूल हात ओढत असताना, चकचकीत फळीसमोर उभं राहून काहीच ठरवावं लागत नाही. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या मोबाइलनं नेमका हाच मधला वेळ काढून टाकला. मनात आलं आणि मागवलं. मोबाइलवरून मागवणाऱ्यांनाही हा वेळ परत आणता येतो: दिवसभर लागेल ते टोपलीत टाकत राहावं आणि ऑर्डर मात्र आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी, जेवण झाल्यावर द्यावी. निम्म्या वस्तू तेव्हा नकोशा वाटतात.

इंदिरानगरातल्या सोसायट्यांना याची छोटी आवृत्ती करायला फार तयारी लागत नाही. द्राक्षाच्या हंगामात शेतकऱ्याची गाडी फाटकाशी येते तेव्हा सोसायटीच्या गटावर आधी निरोप फिरतो, कुणाला किती किलो हवीत ते लिहिलं जातं, पैसे एकजण गोळा करतो. हेच घोटीच्या तांदळाला, सुरगाण्याच्या नागलीला, मटकी-मुगाला लागू होतं. सहा घरं पुरतात. एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याची पन्नास किलोची गोणी जिन्याखाली उतरवायची, कुणाच्या तरी घरातला वजनकाटा खाली आणायचा, आणि घरटी आठ-आठ किलो मोजून द्यायचे. उरलेले दोन किलो काटा आणणाऱ्या घराला.